मुरुक्कूचा डबा किती वेळात भरेल?

तिरुवैयारु,
शुक्रवार

तीर्थस्वरूप गुरुमूर्ती अण्णांस,

पंचापकेशनचा साष्टांग नमस्कार (हल्ली आठांपैकी सहाच अंगं वाकतात, उरलेली दोन आपण मनानं धरावीत). आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचे गुडघे? आणि विशेषतः आपली कंबर? कंबरेची चौकशी उगाच करत नाही. अभिरामीच्या लग्नात हार घालायच्या वेळी मामानंच तिला खांद्यावर उचलायचं असतं, आणि आपली भाची आता कडेवर घ्यायच्या वयाची राहिलेली नाही. तेव्हा रोज तेल चोळून घेत जावं. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आपली बहीण मंगळम् तिकडे का आली, हे तिनं आपल्याला सांगितलंच असेल. पण तिनं ते दोन वाक्यांत सांगितलं असणार, आणि माझा मूर्खपणा दोन वाक्यांत मावणारा नाही.

त्याचं असं झालं. वरपक्षासमोर मांडायचे मुरुक्कू आमच्या घरी वळायला घेतले होते. एका पाटावर माझी थोरली बहीण पट्टूअक्का, दुसऱ्या पाटावर मंगळम्. (चकलीसारखा सोऱ्या वापरला तर आपल्या आईचा आत्मा स्वर्गातून खाली येईल, असं मंगळम्‌चं म्हणणं, म्हणून सगळं बोटांनी, पीठ पिळत पिळत.) तेवढ्यात व्याही आले. माणूस रेल्वेत हिशेबनीस होता, निवृत्त झाला, पण आकडा दिसला की अजून ताठ बसतो. झोपाळ्यावर कॉफी घेता घेता गप्पा थांबल्या. आता शांतता पडली की इतर माणसं पावसापाण्याचं विचारतात. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलेला गाढव, मी उदाहरण घातलं. म्हटलं, काल मी पाहिलं, अक्का एकटी डबा भरते तीन तासांत, मंगळम् एकटी सहा तासांत. दोघी मिळून किती वेळात भरतील?

व्याही म्हणाले, साडेचार. (तीन आणि सहाची सरासरी! आठवीतल्या निम्म्या वर्गाची ही चूक.) मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी उठून, भिंतीवर बोटानं लिहीत समजावलं: तासाला अक्का डब्याचा तिसरा हिस्सा भरते, मंगळम् सहावा, मिळून झाला अर्धा, म्हणजे दोन तास. दोन नळ आणि एक टाकी, असंही वर सांगितलं. या उत्साहात मी साक्षात व्याह्यांसमोर बायको बहिणीच्या निम्मीच कामाची असल्याचं सिद्ध करत होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. स्वयंपाकघरातला कढईचा आवाज थांबला होता, तोही मी ऐकला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण ताळा करून दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. निरोपसमारंभात शाळेनं दिलेलं घड्याळ काढलं आणि डब्याशेजारी ठाण मांडून बसलो. दोन तास झाले. डबा अर्ध्याच्या थोडा वर. व्याही मिशीत हसले. आणि अण्णा, त्या हसण्याची लाज वाटून मी जे बोललो, त्यासाठी जीभ हासडून घ्यावी असं वाटतं. मी म्हणालो, "दुसरा नळ बारीक वाहतोय."

मंगळम्‌नं हाताचं पीठ परातीत झाडलं, हात धुतले, पदराला पुसले. म्हणाली, "नळाला माहेर नसतं. मला आहे." आणि संध्याकाळच्या बसनं ती आपल्याकडे आली.

मग अक्कानं मला धरलं. "अरे पंचू, माझे मुरुक्कू पाच वेढ्यांचे, ती नऊ वेढ्यांचे वळत होती! मांडवात मांडायचे ते तिचेच. माझ्या बोटांना सात जन्मांत नऊ वेढे यायचे नाहीत. आणि तू मला तिच्याशी भागायला घेतलंस?" जन्मभर मी पोरांना बजावलं, आधी एकक बघा रे, किलोत शेर मिसळू नका, आणि स्वतःच्या घरात पाच वेढे आणि नऊ वेढे एका डब्यात घातले. अक्कानंही पाट उचलला. सध्या दोन्ही नळ बंद आहेत.

मी स्वतः एक मुरुक्कू वळायला घेतला. दुसऱ्या वेढ्याला तुटतो. कढईत गेल्यावर जे होतं ते अक्कानं गाईपुढे ठेवलं, गाईनं अक्काकडे पाहिलं. अभिरामी मला काही बोलत नाही, फक्त काल पान वाढताना म्हणाली, "अप्पा, आई नसेल तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही." घरात कॉफी होते, पण ती कोणी कोणासाठी करत नाही. मला फार वाईट वाटतं, अण्णा. बत्तीस वर्षांत उत्तर चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते इथे.

आपला,
पंचापकेशन

ता. क. हे पत्र आपण मोठ्यानं वाचावं. मंगळम् दाराआड उभी असेलच. फक्त पुढचा ता. क. मनात वाचावा.

ता. क. २. टाकीच्या उदाहरणात तळाला एक भोक असतं, ते मी हिशेबात धरलं नाही. त्या दोन तासांत डब्याशेजारी मी बसलो होतो, आणि चव बघत होतो. नऊ वेढ्यांचेच. (फार सुंदर झाले होते. हे मात्र मोठ्यानं वाचलं तरी चालेल.)

ता. क. ३. वर गावाचं नाव सवयीनं लिहिलं गेलं. पत्राला पोचायला दोन दिवस, बसला दोन तास, एवढा हिशेब अजून जमतो. आपल्या गल्लीच्या टोकाच्या गणपतीच्या पायरीवर बसून लिहितो आहे. आपल्याकडे फुलं घालणाऱ्या बाईच्या हाती देतो. मंगळम्‌नं यावं, न यावं, तिची मर्जी. कितीही वेळ लावू दे. घड्याळ घरी ठेवून आलो आहे.