पडवी, परात आणि सातचा पाढा

मी, गोरक्षनाथ तुकाराम दहिफळे, वय ७२, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार धामणखोरी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर (आधारकार्डावर अजून अहमदनगर), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. पत्नीने एक बदल सुचवला, तो पटला म्हणून केला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतील ठेव माझ्या पश्चात पत्नी कडूबाई हिला मिळावी. मोटारसायकल मुलगा ओंकार यास. तो ती विकणार हे मला ठाऊक आहे. विकावी.

२. शिकवण्याच्या वस्तू. शंभर मण्यांची माळ सहकारी राधाकृष्ण गुरुजी यांनी १९९८ साली "दोन दिवसांसाठी" नेली. ती त्यांना दिली असे समजावे. भेटल्यावर "आणून देतो" म्हणणे मात्र त्यांनी आता थांबवावे. वेताची छडी बंबात घालावी. पाढा चुकला की मी ती पंचवीस वर्षे वापरली. तिच्यामुळे कोणाला गुणाकार आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

३. राहते घर मी स्वकमाईतून बांधले. त्याची पडवी रस्त्याला लागून आहे. तेथे कडूबाई रोज संध्याकाळी दुसरी-तिसरीच्या मुलांना गुणाकार शिकवते. बहुतेकांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि मुले आजी-आजोबांजवळ असतात. गेल्या दिवाळीत ओंकार म्हणाला, "आई, पडवी पाडली तर रोडला दोन गाळे निघतील. आणि पाढे आता मोबाईल शिकवतो."

कडूबाई म्हणाली, "बरं. तुज्या पोराच्या हातातनं मोबाईल काढून घे, आन आठ नव्वे किती ते इचार."

ओंकारने विचारले नाही. पण गाळ्यांचा नकाशा तो काढून आणला आहे. माझ्यानंतर आईला तो घराबाहेर काढणार नाही, परंतु पडवी ठेवणारही नाही. म्हणून या कलमाच्या मसुद्यात मी लिहिले होते की, माझ्या पश्चात घर व पडवी कडूबाईच्या मालकीची राहील. ते कलम आता रद्द आहे. कारण पाचव्या कलमात.

४. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी येथे लिहिणे भाग आहे.

२००२ साली माझ्या वर्गात रुपाली नावाची मुलगी होती. आईवडिलांबरोबर पाच महिने कारखान्यावर राहून ती चैत्रात परत आली. तोवर वर्ग सातच्या पाढ्याच्या पुढे गेला होता. मी तिला घरी बसवून पाढा घोकून घेत होतो. कडूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "सात सक बेचाळीस म्हनती खरी, पर म्हंजी काय, ते तिला कुटं ठावंय?"

मी म्हणालो, "आधी पाठ तर होऊ दे."

तिने हात धुतले, परात पालथी घातली आणि तिच्यावर चिंचोके मांडले. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सात. रुपालीने मोजले. बेचाळीस. मग कडूबाई तिला उठवून परातीच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेली. "आता हितनं बघ. वळी किती?"

"सात."

"येका वळीत?"

"सहा."

"मग चिंचोकं वाढलं का?"

रुपाली हसायला लागली. सात सक आले की सहा साते आलेच, हे तिला त्या संध्याकाळी कळले. मला शिकवायला लागून सव्वीस वर्षे झाली होती. मी हे सूत्र फळ्यावर लिहीत आलो होतो, दाखवले कधी नव्हते. कडूबाईने ते वाफ्यात मिरचीची रोपे लावताना पाहिले होते.

पुढच्या वर्षी मी यावर अकरा पानांचा अहवाल लिहिला. 'माझा उपक्रम' असे शीर्षक दिले. तालुक्याचा पुरस्कार मिळाला. प्रात्यक्षिकासाठी घरची परात नेली होती. शाल आणि मानपत्र घेऊन घरी आलो तेव्हा कडूबाईने एवढेच विचारले, "माजी परात तेवढी माघारी आनली ना?"

अकरा पानांत तिचे नाव नाही. ही पद्धत तिची आहे. माझ्या पश्चात रुपालीने हे कलम आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत वाचून दाखवावे, असे मी लिहिले होते. तेही रद्द.

५. मसुदा मी कडूबाईला वाचून दाखवला. ती ऐकत ऐकत शेंगा फोडत होती.

"आवो, समदं तुमी गेल्यावर व्हय?"

"मृत्युपत्र आहे ते."

"आन मीच आदी गेले तर?"

मी म्हणालो, तुझी तब्येत ठणठणीत आहे.

"म्हनून काय झालं? मी गेले की तुमी गप बसनार. बसलाच की बावीस वर्सं, गुर्जी." गुरुजी ती मला फक्त रागात म्हणते.

म्हणून १३ ऑक्टोबर रोजी पाथर्डीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवून घर व पडवी कडूबाईच्या नावे केली. ओंकारला आधी फोन केला होता. तो म्हणाला, "करा तुम्हाला काय करायचं ते." ही त्याची संमती धरू नये, पण तो रडला-भांडला नाही, हेही नोंदवतो.

त्याच महिन्यातल्या शिक्षण परिषदेत चौथे कलम मी स्वतः उभे राहून वाचले. एका तरुण शिक्षकाने विचारले, "सर, मॅडमचं शिक्षण किती?" मी उत्तर देण्याआधी मागून कडूबाई म्हणाली, "दुसरी. तिसरीच्या वक्ताला आमचं घर उसाला गेल्तं." त्या शिक्षकाने वही उघडली आणि तिला पुढे येऊन मांडून दाखवायची विनंती केली. तिने दाखवले. मी बसलो.

६. घर आता माझे नसल्याने ते मी कोणालाही देऊ शकत नाही. मी तेथे राहतो. कडूबाईची त्यास हरकत नाही, असे तिने तोंडी सांगितले आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली व त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: गोरक्षनाथ तुकाराम दहिफळे

साक्षीदार:
१) रुपाली वाल्मिक बडे, आरोग्यसेविका (चौथ्या कलमातील विद्यार्थिनी)
२) सहादेव बन्सी गर्जे, शेती, शेजारी

स्थळ: धामणखोरी, कडूबाई दहिफळे यांची पडवी
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५