चिंतू पागधरे याचे लायसन परत द्यावे आणि माझे ठेवून घ्यावे

प्रति,
माननीय परिवहन अधिकारी साहेब,
परवाना शाखा, परिवहन कार्यालय.

अर्जदार: धर्माजी विश्राम सावे, माजी नाईक (ड्रायव्हर), सध्या ट्रकचालक, तारापूर औद्योगिक वसाहत. राहणार माहीम, तालुका पालघर.

विषय: उमरोळीजवळच्या अपघातातील माझा जबाब अपुरा असल्याने, त्यावरून निलंबित झालेले टेम्पोचालकाचे लायसन परत मिळणेबाबत व दोष माझ्या नावे लावणेबाबत.

संदर्भ: चिंतू जिवल्या पागधरे, राहणार माहीम, याच्या लायसन निलंबनाचा आपला आदेश व येत्या सोमवारी ठेवलेली त्याची सुनावणी.

महोदय,

हात जोडून विनंती की हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा. तोंडी सांगायला आलो तेव्हा खिडकीवरूनच परत गेलो, म्हणून लेखी करीत आहे.

१. मी सैन्यात उमेदीची सारी वर्षे गाडी चालवली. बहुतेक डोंगरात, कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे एकामागे एक लागलेल्या फौजी गाड्यांच्या रांगेत. तिथला नियम हाडात बसतो. पुढच्या गाडीची पाठ सोडायची नाही आणि मध्ये परकी गाडी शिरू द्यायची नाही. कोणी शिरू लागला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो, आणि त्याबद्दल तिथे शाबासकी मिळते. निवृत्त झाल्यावर फौजी लायसनावरून मला नागरी लायसन मिळाले. त्या वेळचे साहेब हसून म्हणाले, "फौजेत चालवलीत, तुम्हाला आम्ही काय शिकवणार?" मला तेव्हा फार बरे वाटले होते. आज वाटते, एक गोष्ट शिकवायची राहिली होती. नागरी रस्त्यावर कोणी परका नसतो.

२. गेल्या महिन्यात आमच्या ट्रान्सपोर्टच्या दोन गाड्या पालघरहून बोईसरकडे निघाल्या. पुढे माझा सोबती ड्रायव्हर रामू याची, मागे माझी. माझ्या मागे चिंतूचा टेम्पो, आमच्या माहीमची मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघालेला. बर्फ वितळण्याच्या आत पोचायचे, म्हणून त्याला घाई. उमरोळीच्या पुढे त्याने मला ओव्हरटेक करायला घेतले. समोरून एस.टी. येत होती, पण लांब होती. माझ्या आणि रामूच्या गाडीमध्ये टेम्पो सहज मावेल एवढी जागा होती, आणि त्या जागेच्या भरवशावरच तो निघाला होता. त्याने टेम्पोचे तोंड जागेकडे वळवलेले मी पाहिले. पाहिले आणि वेग वाढवला. जागा बुजली. एस.टी. तोवर अंगावर आली. चिंतूने टेम्पो उजवीकडच्या शेतात घातला. एस.टी.तल्या कोणाला ओरखडा आला नाही तो त्याच्यामुळे. टेम्पो आडवा झाला, त्याच्या खांद्याचे हाड मोडले, आणि बोंबील नि बर्फ शेतभर पसरले.

३. मी त्याला बाहेर काढले. तो मला गावच्या नात्याने काका म्हणतो. कण्हत म्हणाला, "काका, मधी जागा हाय म्हनून तं निंगालो. जागा होती ना हो?" मी तोंड उघडणार तोच हवालदार आले. माझ्या अंगातला फौजी स्वेटर पाहून त्यांनी पलटण विचारली, कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा. फौजी माणसाचा शब्द पुरे." मी सांगितले की टेम्पो वेगात होता आणि समोर एस.टी. दिसत असताना त्याने ओव्हरटेक घेतला. साहेब, त्या जबाबात खोटे वाक्य एकही नाही. फक्त एक वाक्य राहिले आहे. ते असे: मी वेग वाढवून त्याची जागा बुजवली.

४. मी लहानपणापासून कीर्तनवेडा. गावात बुवा उभे राहिले की त्यांच्या मागे टाळ घेऊन मी असायचाच. परवाच्या सप्ताहात बुवांनी सत्यावर निरूपण लावले आणि ऐन रंगात माझ्याकडे बोट केले. "सत्याचा पत्ता विचारत देव गावोगाव हिंडला, आणि सत्य सापडले कुठे? तर आपल्या धर्माजीच्या जिभेवर! टेम्पोवाला पोरगा आपल्याच गावचा, पण याने भीड धरली नाही!" मंडळींनी गजर केला. माझे टाळ एकमेकांना लागेनात. बायकांच्या बाजूला चिंतूची आई लाडकी बसली होती. आरतीनंतर ती जवळ येऊन म्हणाली, "दादा, तुमी मनाला लावून घेव नका. माझ्याच पोराचा पाय जड हाय. मी त्याला सांगतंय, गाडी हाकावी तं धर्मादादासारखी." तेव्हाच बोलायला हवे होते. पण तोंडात खिरापत होती, आणि ती गिळेपर्यंत माझा धीरही गिळला गेला.

५. त्यानंतर मी माझा दोष द्यायला हिंडतो आहे, पण कोणी घेत नाही. आपल्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "दुसऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर आणा. स्वतःविरुद्ध घ्यायची पद्धत नाही." पुन्हा गेलो तर त्यांनी चहा पाजला. हवालदारांनी हात जोडले, "नाईकसाहेब, जबाब फिरवाल तर तुम्हीही अडकाल नि मीही." आमचे शेटजी म्हणाले, "गाडीला खरचटले नाही, माल पोचला. तुला पुण्यच करायचे तर देवळात घंटा बांध." खोटे कशाला सांगू, मी घंटेची चौकशीही करून आलो. पलटणीत चूक झाली की बेल्ट-टोपी काढून साहेबांसमोर उभे करीत. शिक्षा भोगली की माणूस पुन्हा रांगेत. इथे मला जो तो खुर्ची देतो आहे, आणि त्या पोराला टेम्पोमालकाने कामावरून काढले आहे.

६. काल मी लाडकीच्या दारी जाऊन सारे सांगितले. ती दांडीवर मासळी वाळत घालीत होती. हातातला बोंबील तिने खाली ठेवला नाही की वर टाकला नाही. मी पाया पडू लागलो तशी मागे सरली. म्हणाली, "माझ्या पाया पडून काय व्हनार? मी काय लायसन देतंय? जितं लिवून दिलांत, तितं जावा." मग आतल्या चिंतूला ओरडून म्हणाली, "आयकलास रं? जागा होती!"

७. तरी विनंती की सोमवारच्या सुनावणीस मला बोलवावे, माझे राहिलेले वाक्य जबाबात लिहून घ्यावे आणि चिंतूचे लायसन त्याला परत द्यावे. त्याने घाई केली, तिची काय ती समज त्याला द्यावी. पण शेतात त्याला मी घातले. माझ्या सेवापुस्तकात वर्तणूक उत्तम असा शेरा आहे, तो कृपया या कामी वाचू नये. नोकरी जाईल हे मला ठाऊक आहे. गाडीची चावी मी आज सकाळी शेटजींच्या टेबलावर ठेवली. नियमात माझ्या अर्जाला जागा नसेल, तर साहेबांनी थोडी करावी, ही प्रार्थना.

आपला नम्र आणि अपराधी,
(सही)
धर्माजी विश्राम सावे
माहीम, दिनांक ११ फेब्रुवारी १९८८

सोबत: माझे लायसन. नक्कल नाही, अस्सल.