तळ्यात तरंगलेली पिंपं

बाबा, आज मी तुमच्या नॉर्वेच्या तळ्यावर जाऊन आले. खरंच! दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर आणि मध्ये काळंभोर पाणी, तळ कुठे असेल याचा अंदाजच येत नाही. आणि आपण आपल्या शहरातल्या शाहपुऱ्याच्या तळ्याला खोल म्हणायचो!

कारखान्यानं दिलेल्या पिपलानीच्या क्वार्टरमधला तो रविवार मला लख्ख आठवतो. शेजारचे फोरमनसाहेब चहाला आलेत आणि तुम्ही तुमची आवडती युद्धकथा रंगवून सांगताय. जर्मनांना अणुबॉम्बसाठी हवं असलेलं जड पाणी पिंपांत भरून बोटीवरून निघालंय, नॉर्वेच्याच माणसांनी बोटीत स्फोटकं लपवलीत, बोट तळ्यात बुडतेय. बोटीवर गावातली साधी माणसंही होती, हे सांगताना तुमचा आवाज खाली येतो. मग तुम्ही म्हणता, त्यातली अर्धी भरलेली पिंपं तरंगत राहिली. फोरमनसाहेब खो खो हसतात. "अरे साहब, लोहे का पीपा कहीं तैरता है?"

झालं! तुम्ही तडक स्वयंपाकघरात. आईचे मसाल्याचे दोन डबे रिकामे करून एक काठोकाठ पाण्यानं भरलात, दुसरा अर्धा, आणि झाकणं घट्ट लावून दोन्ही पिण्याच्या पाण्याच्या पातेल्यात सोडलेत. भरलेला तळाला गेला, अर्धा मजेत डुलत राहिला. पाणी मात्र हळदीनं पिवळं झालं आणि आई अशी काही भडकली की पाहुण्यांचा चहाही राहिला. एवढं करूनही फोरमनसाहेबांना काही पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातलं अख्खं टर्बाइन शॉप तुम्हाला 'पीपासाहब' म्हणायला लागलं. तुम्ही हसण्यावारी न्यायचात, पण ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाहीत. मला त्या लोकांचा इतका राग यायचा!

म्हणून आज काठावरच्या गाइडला विचारायला जाताना मी दोनदा मागे फिरले. तुमची गोष्ट खोटी निघाली असती तर? सगळीच पिंपं बुडाली का, मी विचारलं. नाही, तो म्हणाला, काही पूर्ण भरलेली नव्हती, ती तरंगली. बाबा, मी चक्क टाळ्या पिटल्या! सगळे माझ्याकडे बघत राहिले, बघेनात का.

ही पिंपांची गोष्ट तुम्हाला कोण सांगतं, त्यानं विचारलं.

"माझे बाबा सांगतात," मी म्हटलं.

तो खूश झाला. पुढच्या खेपेला त्यांनाही घेऊन या, म्हणाला.

तुम्ही गेल्यानंतर लिहिलेल्या बाकीच्या पत्रांसारखं हे पत्रही माझ्या बॅगेतच राहणार आहे, म्हणून तुम्हाला सांगते. मी त्याला म्हटलं, हो, आणते.