वाचनालयाला अध्यक्ष हवा

१२ मे २००२, रविवार

गहू आला — एक क्विंटल, ७४०. हमाल १०; पंधरा मागत होता. तूरडाळ पाच किलो, १४०. मेणबत्त्या दोन पुडे, पौर्णिमेसाठी, १६. आणि एक बातमी आली, ती फुकट. श्रमिक वाचनालयाचे अध्यक्ष मुलाकडे भोपाळला चालले, कायमचे. २ जूनला सभा. नवा अध्यक्ष ठरवायचा.

शेजारची बेबी मागच्या खोलीतून येऊन सांगून गेली. तिचा नवरा वाचनालयाच्या कमिटीत, म्हणून तिला सगळं आधी कळतं. जाताना म्हणाली, "तुकोजींचंच होईल बघ, जिजी. म्युनिसिपालिटीतून रिटायर, सफारी घालतात — अजून काय पाहिजे?"

मी गहू निवडत राहिले. डोक्यात एकच — आमचे हे का नाही?

१३ मे, सोमवार

लिहूनच ठेवते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

मिलला कुलूप लागलं तेव्हापासून हे घरात आहेत. विव्हिंग खात्यात जॉबर होते. हाताखाली माणसं होती, मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय होती. आता दिवसभरात "हं" म्हणतात. अजून पहाटे भोंग्याच्या वेळेला उठतात. भोंगा नाही, तरी. आंघोळ करून, केस विंचरून खाटेवर बसतात, तोंड भिंतीकडे. पेपर वाचतात तो निविदांसकट. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत लाकूड होऊन राहिलाय आणि मी त्याच्याभोवतीनं झाडू मारते.

वाचनालय चारला उघडतं, आठला बंद. किल्ली अध्यक्षाकडे असते. मला मानपान नको, पेपरात नाव नको. ह्यांनी चार वाजता चपला घालाव्या आणि किल्ली घेऊन बाहेर पडावं. बस.

बेबीच्या नवऱ्याला सांगून आले — ह्यांचं नाव सुचवा. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर "हं" म्हणाले असते, आणि मग त्या "हं"चा अर्थ लावत बसा.

१६ मे, गुरुवार

अध्यक्षाने करायचं काय असतं? कोणालाच नीट सांगता येत नाही. जाणाऱ्या अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मी तर फक्त पंखा चालू-बंद करत होतो." पंचशीलाचं बी.लिब. चालू आहे, तिची पुस्तकं चाळली. सगळे नंबर आणि कार्डं. अध्यक्षावर एक पान नाही. पोरगी म्हणाली, "आई, नेटवर सर्च करू ना."

अन्नपूर्णा रोडला सायबर कॅफे आहे. तासाचे वीस, दहाच्या आत आलं तर पंधरा. आम्ही नऊलाच हजर. आत लाकडी खोपट्या केलेल्या, प्रत्येकीला पडदा. मालक म्हणाला, "आंटीजी, पर्दा लगा लो." म्हटलं, कशाला? वाचनालयाचंच तर बघायचंय. पडदा उघडा ठेवला. शेजारच्या पोरांनी आपला अजून घट्ट ओढून घेतला.

मी पंचशीलाला सांगितलं — लिही, मजूर वस्तीतल्या वाचनालयाचा अध्यक्ष कसा असावा, कृपया कळवावे. ती म्हणाली, "आई, आत कोणी साहेब बसलेला नाही! नुसते शब्द टाकायचे." टाकले. पब्लिक, लायब्ररी, लीडरशिप. लाखावर उत्तरं आली. मला एक पाहिजे होतं.

सगळी अमेरिकेची. एका वाचनालयात चारशे माणसं कामाला. लीडरने त्यांना प्रेरणा द्यावी, असं लिहिलंय. आमच्याकडे एक पंखा आहे. एकेक पान उघडायला इतका वेळ लागतो की मध्ये मी मनात त्रिशरण म्हणून घेतलं. मोठ्या पानाला पंचशीलसुद्धा झालं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, म्हणून पोरगी वाचून मराठीत सांगते आणि मी उतरवते. छापून घ्यायचे पानाला पाच रुपये. पेन घरचं आहे.

१७ मे

ह्यांनी विचारलं, काल सकाळी दोघी कुठे होतात? "बाजारात," म्हटलं. आणि खोटं बोलणार नाही, मुसावादा वेरमणी, असं रोज वंदनेत म्हणते.

२१ मे, मंगळवार

परत कॅफे. आज शब्द बदलून पाहिले. इंदूर टाकलं — महाल आले, नमकीन आलं, वाचनालय नाही. हिंदुस्थान टाकलं — सरकारी कायदे आले. मग पंचशीलाने "छोट्या गावाची लायब्ररी" असं इंग्रजीत टाकलं आणि एक बाई सापडली! अमेरिकेतल्या कुठल्याशा गावची. एकटी वाचनालय चालवते. बाहेर बर्फ. फोटोत स्वेटरला कोपरावर ठिगळ आहे — माझा एकदम विश्वास बसला.

तिने बरंच लिहिलंय. लीडरने खुर्चीत बसून राहू नये, वाचकांमध्ये हिंडावं. ऐकावं जास्त, बोलावं कमी. (हे ह्यांना जमेल. दहा वर्षांची प्रॅक्टिस आहे.) चूक झाली तर दुसऱ्यावर ढकलू नये. आणि जबाबदारी कोणी देऊ केली तर आढेवेढे न घेता स्पष्ट हो म्हणावं. चाचरणाऱ्याच्या मागे लोक जात नाहीत.

किती खरं! ह्या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

पंचशीला म्हणाली, "हे तर मी माझ्या प्रोजेक्टमध्ये टाकते."

"टाक. पण आधी बाबांना."

२६ मे, रविवार. बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात. वंदना छान झाली. पांढरी साडी कडक स्टार्च केली होती, बसताना कडकड वाजली. घरी खीर. साखर नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त, आजचा दिवस म्हणून.

जेवणानंतर कागद ह्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"वाचनालयाला तुमचं नाव सुचवणार आहेत. अध्यक्ष म्हणून. त्यात लिहिलंय कसं बोलायचं."

"कोण सुचवणार?"

"कमिटी."

"आणि कमिटीला कोणी सांगितलं?"

मी अजून खीर वाढली. त्यांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. फाडला नाही! नको म्हणाले नाहीत!

३० मे, गुरुवार

ह्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. सभा रविवारी आहे.

२ जून, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

आमच्या वाचनालयात मतं टाकत नाहीत — वस्तीत भांडणं नकोत म्हणून. नाव सुचवतात आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारतात. त्याने नको म्हणायचं. तब्येत, वय, माझ्यापेक्षा लायक लोक बसलेत, काहीही. लोक आग्रह करतात, तो परत नको म्हणतो. तिसऱ्या वेळी हार गळ्यात पडतो आणि तो मान खाली घालतो. युनियनपासून गणपतीच्या मंडळापर्यंत हीच रीत. लहान पोरांनाही माहीत आहे. मला माहीत आहे. म्हणून तर कागदावर लिहिली नाही. भात पानावर कसा वाढायचा, हे कोणी लिहून देतं का?

मी नि बेबी दाराजवळ, बायकांत. बेबीचा नवरा उठला. "मी नथूजींचं नाव सुचवतो. नथूजी, आपण ही जबाबदारी घेणार का?"

हे उभे राहिले.

"हो."

एवढंच. आगा नाही, पिछा नाही. विव्हिंग खात्यातला आवाज, खणखणीत.

ज्याच्या हातात हार होता तो हार धरून तसाच उभा. मग मागून कोणीतरी — "क्या बात है भिया! कुर्सी भागी जा रही थी क्या?" आणि जे हसले सगळे! बेबी माझ्या कानाशी म्हणाली, "जिजी, भाऊजींना घोड्यावर बसायची लईच घाई!"

मग तुकोजींना विचारलं. "छे छे, माझी काय लायकी." आग्रह. "नको हो, बीपी आहे मला." आग्रह. "तुम्ही लोक काही ऐकूनच नाही राहिले!" हार. टाळ्या. चहा.

हेसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी पदराचा धागा ओढत होते, बराच उसवला. त्या बर्फातल्या बाईला आमची रीत कुठून माहीत असणार? मला होती ना! आणि मीच दोन रेघा मारून दिल्या.

३ जून, सोमवार

सकाळी चहा देताना विचारून टाकलं. "त्या कागदामुळे झालं ना?"

"कुठला कागद?" मग आठवलं त्यांना. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून काढून दिला. घडी तशीच — मोडलेली नाही. "तुझं अक्षर बारीक. वाचलाच नाही मी."

"मग हो का म्हणालात एकदम? रीत माहीत नव्हती?"

त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "मिल बंद झाल्यापासून कोणी काही विचारलंच नव्हतं गं. काल विचारलं. निघून गेलं तोंडातून."

मी त्यांच्या कपात परत साखर घातली. ती आधीच घातलेली होती.

६ जून, गुरुवार

नळावर अजून तोच विषय. बेबी म्हणते, "आमचे हे सांगून राहिले, नथूजींना काही विचारायचं नाही. किडनी मागितली तरी हो म्हणतील!" तिथे हसले नाही. घरी येऊन हसले.

चार वाजता ह्यांनी चपला घातल्या. किल्ली नाही, काही नाही. वाचनालयात जाऊन आले. तुकोजी उशिरा आले म्हणे, सगळे ओट्यावर ताटकळत. हे आपणहून सांगितलं! मी वरण ढवळत ऐकलं, मान वर केली नाही. केली असती तर थांबले असते.

११ जून, मंगळवार

चिंतामण आले होते. मिलमध्ये ह्यांच्याच पाळीत होते, आता बुऱ्हाणपूरला पॉवरलूमवर. मिलच्या केसची तारीख होती, मिळाली पुढची तारीख. पोहे केले. बेबीला राहवलं नाही, सभेची सगळी हकीकत नकलेसकट सांगितली. चिंतामण इतके हसले की पोह्याचा ठसका लागला.

मग डोळे पुसत म्हणाले, "नथ्या, आमच्याकडे उलटी गंगा. मजुरांचं वाचनालय आहे, बंद पडून राहिलंय. चालवायला माणूस नाही. ज्याला विचारावं तो नको म्हणतो — आणि लेकाचा खरंच येत नाही! मागे राहायला खोली आहे. येतो का?"

"हो."

मी ओट्याशी होते, हातात झारा. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही! मला ह्यांना चार ते आठ बाहेर काढायचं होतं. बुऱ्हाणपूर कोणी मागितलं होतं? बायकोला एक शब्द विचारावा की नाही?

मीही विचारलं नव्हतं म्हणा.

१३ जून, गुरुवार

सरवटे बस स्टँडवरून ह्यांची सकाळची बस. बरोबर तीन शर्ट, गोधडी, तांब्या, दशम्या नि लसणाची चटणी. पंचशीला रडली. मी सुट्टे पैसे मोजून दिले.

बस सुरू झाल्यावर खिडकीतून ओरडले, "गव्हात कडुलिंबाचा पाला घालून ठेव, नाहीतर पोरकिडे होतील!" सगळा स्टँड वळून बघायला लागला. किती वर्षांनी ह्यांचं एवढं लांब वाक्य ऐकलं, तर ते चालत्या बसमधून.

१७ जून, सोमवार

कॅफे. पंचशीलाच्या प्रोजेक्टचं शेवटचं काम. वेळ उरला होता, पैसे दिलेलेच होते. म्हटलं, बुऱ्हाणपूर टाक. किल्ला आला. मशीद आली. दोन लॉज आले. हे आले नाहीत.

२४ जून, सोमवार

खाट मोकळी. झाडू आता सरळ मारता येतो. कणीक अजून तिघांची मळली जाते, उरलेली बेबीकडे जाते. ती म्हणाली, "जिजी, करमत नाही ना?" म्हटलं, करमतं की. तिने पोळ्या घेतल्या, आणखी काही विचारलं नाही. बेबीने! काही विचारलं नाही!

२९ जून, शनिवार

पंचशीलाची परीक्षा संपली. विजय नगरच्या एका कॉलेजात लायब्ररीत जागा आहे, बोलावलंय. वंदना दोघींनी केली. गव्हात पाला घातला.

४ जुलै, गुरुवार

कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवते.

"जया हिस, सप्रेम जय भीम. वाचनालय चालू केले. सकाळी बरीच माणसे येतात. दुपारी बायका दारापर्यंत येतात आणि मला पाहून परत जातात. त्यांच्यासाठी दुपारचे वेगळे उघडायचे ठरले. ते चालवायला बाई पाहिजे. चिंतामण तुझे नाव देऊन टाकत होता. मी म्हटले, थांब, आधी तिला विचारतो. तू येशील का? हो की नाही, ते उलट टपाली कळव. — नथू."