अक्का, आपलं पेव नेमकं कुठं होतं?

प्रिय अक्का,

तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं गं. तू पुणतांब्याला दिलेली, मी इथं गावातच; आपण दोघी जन्मभर बोललो ते तोंडानं, नाहीतर फोनवर. आता तू तिथंही नाहीस, देवाघरी गेलीस, आणि मला एकच गोष्ट विचारायचीय, जी तुझ्याशिवाय कुणालाच सांगता यायची नाही. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

झालं असं, की आपल्या संतोषनं मोबाईलवर एक ग्रुप काढलाय, 'आमचं गाव, आमच्या आठवणी'. गावातली जुनी माणसं त्यात काय काय सांगत असतात. कुणी चावडीपुढच्या पिंपळाचं, कुणी गावात पहिल्यांदा लाईट आली त्याचं, कुणी पैज लावून खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत पळत गेल्याचं. खरं किती, खोटं किती, देव जाणे! त्या सगळ्याचं यात्रेला पुस्तक छापायचंय म्हणे. मला म्हणाला, "आई, अक्कामावशीवर एक पान लिही की. तुझ्याइतकं कुनाला ठावं हाय?"

बसले लिहायला. आणि तुझं लिहायचं म्हणजे पेवापासूनच सुरुवात करावी लागणार ना?

आता पेव म्हणजे काय तेही पोरांना समजावून सांगावं लागतं, अक्का! गावठाणातल्या पांढऱ्या मातीत खणलेला खोल खड्डा. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि आत पोट रांजणासारखं फुगलेलं. आतून कडब्याचं अस्तर, त्यात वर्षाची ज्वारी. तोंडावर दगड, दगडावर माती. उघडायचं तेव्हा दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, आणि मग घरच्या थोरल्या लेकीनं दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. गावाची रीतच होती ती.

आपल्या घरची थोरली लेक तू. पालथी पडून, हात आत घालून, जराही न घाबरता तू तो कंदील सोडायचीस. मी लांब, आईच्या पदराला लोंबकळत, भोकाड पसरलेली. "टिकला! दिवा टिकला!" असं तू ओरडलीस की अण्णा उतरायचे, आणि ते वर येईस्तोवर माझा जीव टांगणीला. "भित्री भागूबाई," म्हणून तू मला चिडवायचीस. चिडव आता. पण आधी पुढचं ऐक.

मी लिहीत गेले. तो मोठा दुष्काळ पडला, पेवं खडखडीत रिकामी झाली, आपण रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, त्या मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले. पुढं घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या. मग उघड्या पेवात कुणाची शेळी पडली, कुणाचं वासरू पडलं, आणि चावडीत ठरलं की ज्यानं त्यानं आपापलं पेव बुजवायचं. अण्णांनी मातीची गाडी आणली. आठवतं, आई कशी आडवी आली ती? "ज्या पोटानं लेकरं जगवली त्यात माती घालू? ती काय उकिरड्याची जागा हाय व्हय?" शेवटी तिनं आपल्या फुटक्या जात्याची वरची तळी तोंडावर ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं, आणि अण्णांनी त्यावर थोडीशी माती लोटली. शेजारच्यांनीही तसंच केलं. लक्ष्मीच्या जागेत माती कोण टाकणार? चावडीत सगळ्यांनी सांगितलं, बुजवलं म्हणून.

इथवर लिहिलं आणि माझा पेन थांबला. अगं, बुजवलंच नव्हतं की कुणी! नुसतं झाकलं होतं! म्हणजे ती सगळी पेवं अजून खाली तशीच आहेत, पोकळ, आणि आज कुणाला त्याचा पत्ता नाही.

पेवांची रांग होती मारुतीच्या देवळापासून ओढ्याच्या अंगाला, हे मला पक्कं आठवतं. त्या रिकाम्या जागेवर आता काय आहे सांगू? अंगणवाडी! गुलाबी रंगाची, भिंतीवर पोपट काढलेली. आणि त्या अंगणवाडीत आपली आरू बसते, संतोषची लेक, नुकतं चौथं लागलंय तिला. तिच्याबरोबर गावातली सगळी बारकी पोरं. निम्म्यांचे आईबाप दिवाळी झाल्यावर कोयता घेऊन श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेलेत. पोरं म्हाताऱ्यांच्या जिवावर ठेवलीत. निदान दुपारपर्यंत ती चांगल्या जागी बसतात, असा त्यांचा भरवसा.

तशीच उठून अंगणवाडीत गेले. यंदा पाऊस कसा झोडपून पडला ते तू बघितलं नाहीस. छपरावर पाण्याची नवी टाकी चढवलीय. पोरं जिथं हात धुतात ते पाणी भिंतीच्या कडेनं मुरतंय. आणि आत कोपऱ्यात एक चटई. मी ती उचलली तर खालची फरशी बसलेली, बशीसारखी!

"ते व्हय? ठेकेदारानं कच्चं काम केलंय," सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे तिथली सेविका, पोरगी गुणाची आहे. मी कोपऱ्यात टाच आपटून बघितली. धब्ब असा आवाज आला. पुन्हा आपटली, पुन्हा तसाच. ती हसायला लागली, "मावशी, नाचताय काय?" तिच्यामागं सगळी पोरंही टाचा आपटायला लागली गं! "नका, नका रे!" म्हणत मी एकेकाला ओढत बाहेर काढलं, तर त्यांना वाटलं खेळच चाललाय.

संतोषला सांगितलं. तो काय म्हणाला असेल? "आई, तू यात्रंतल्या पाळण्यात बसायलाबी भ्यायचीस. तुला सगळीकडं खड्डंच दिसत्यात." म्हटलं, तुझ्या त्या ग्रुपवर तरी विचार. विचारलं त्यानं. मग काय, ज्याची त्याची आठवण निराळी! एक म्हणतो पेवं चावडीमागं होती, दुसरा म्हणतो बाजारतळावर, तिसरा शपथेवर सांगतो की त्यानं स्वतः माती टाकून पेव काठोकाठ भरलंय. एवढी माणसं गावाचा इतिहास सांगतात, आणि पायाखालचं कुणालाच नीट आठवत नाही. मलासुद्धा नाही. मी लहान होते, त्यात पदराआड तोंड लपवलेलं.

तुला मात्र आठवलं असतं! मला तुझा राग येतो, खरंच सांगते. रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलायचो, आणि बोलायचो काय, तर गुडघे, बीपी, आणि सुनांनी भाजीत किती तेल ओतलं. एकदा तरी म्हणायचंस, शकू, लक्षात ठेव गं, आपलं पेव अमक्या जागी आहे. आणि मी तरी विचारायचं! आता कुणाला विचारू?

जेवण जाईना मला. वाटायचं, मी चुकत असेन तर? माझ्या बोलण्यावर अंगणवाडीला कुलूप लागलं, पोरांची खिचडी बंद झाली, तर गाव तोंडात शेण घालेल. आणि मी बरोबर असेन तर? तो विचार आला की आरूच्या दोन वेण्या डोळ्यापुढं यायच्या आणि मी भाकरी टाकून उठायचे. सकाळी सून तिची तयारी करायला लागली, की हिला ताप आलाय असं खोटंच सांगायचे. पण आरूला एकटीला घरी ठेवून काय उपयोग? बाकीची कुणाची लेकरं नाहीत का?

शेवटी सोमवारी सकाळी मी जाऊन अंगणवाडीच्या उंबऱ्यात ठिय्या मारला. मी, शकू! पोरं यायला लागली, त्यांच्या आज्या आल्या, सरपंच आले. "मावशी, उठा बरं. लोकं काय म्हनतील?"

"हसू द्या लोकास्नी," मी म्हटलं. आवाज असा कापत होता की मलाच लाज वाटली. "पोरं देवळाच्या मंडपात बसवा आन त्या कोपऱ्यात पहार मारून बघा. काय न्हाई निघालं तर माझ्या सैपाकघरातली फरशी उपटून हितं बसवा."

म्हातारीची समजूत काढायची म्हणून तयार झाले. पोरं मंडपात गेली. एका गड्यानं फरशी काढली, पहार उचलली आणि मारली. अक्का, दुसऱ्या घावाला पहार त्याच्या हातातून निसटून गेली. गेलीच! आणि मग खालून, लांबून, तिचा पडल्याचा आवाज आला.

सरपंचांचा चेहरा पांढराफटक पडला. सुनंदा मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली, "मी रोज त्या कोपऱ्यातच गोल करून बसवत हुते ओ!" आणि आमचे चिरंजीव, ज्यांना सगळीकडं हसायचं असतं, ते मोबाईल घेऊन त्या भोकावर वाकले. ग्रुपवर टाकायला! मी त्याची कॉलर धरून अशी मागं खेचली की तो बुडावर आपटला. "मागं हो मुडद्या! आत हवा न्हाई!" सगळे दचकले. मीही दचकले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते.

मग बाजूनं सांभाळून माती उकरली. पेवाचं तोंड सापडलं. लोक माझ्या पाया पडायला लागले, मावशी, तुमच्यामुळं लेकरं वाचली. सून मला मिठी मारून रडली. मी मात्र त्या तोंडावरच्या दगडाकडं बघत होते. साधी चपट्या दगडाची चीप होती ती. आईच्या जात्याची तळी नव्हती.

ते आपलं पेव नव्हतं, अक्का. दुसऱ्या कुणाचंतरी होतं. आणि तेव्हा मला आठवलं, हळदकुंकवाचं ताट आईनं माझ्या हातात दिलं होतं, आणि ते घेऊन मी बाकीच्या पेवांना वळसा घालून पुढं गेले होते. पुढं म्हणजे देवळाच्या बाजूला. आणि मीच तर पोरं देवळाच्या त्या नंतर बांधलेल्या मंडपात बसवली होती!

कशी पळाले सांगू? चप्पल कुठं, पदर कुठं. मंडपात पोरं उड्या मारत होती. ओरडले तर घाबरून सैरावैरा धावतील म्हणून जिभेवर दात रोवून हळूहळू आत गेले, आणि म्हटलं, चला, खडकावर खाऊ वाटणार आहे. शाळेमागचा तो उघडा कातळ, तिथं कुणाच्या बापाला पेव खणता आलं नसतं. शेवटचं लेकरू कातळावर चढलं तेव्हा मी रडायला लागले. आरूनं विचारलं, "आजी, खाऊ कुठंय?"

आता मंडपाला दोरी बांधलीय. तालुक्याहून माणसं येऊन बघून गेली, दोन ठिकाणी खणलं, आपलं पेव अजून लागलेलं नाही. त्या रांगेवर नवी घरंही उठलीत गं, स्लॅबची. त्यांना सांगायला गेलं तर म्हणतात, "आमच्या घराखाली काय न्हाई, उगं आवई उठवू नका." घराची किंमत जाईल म्हणून कुणी ऐकून घेत नाही. मी रस्त्यानं चालते ती पाय चाचपत. त्या घरांतून भांडं पडल्याचा आवाज आला तरी जागच्या जागी थबकते.

लोक म्हणतात, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन सांगतं. तू येऊ नकोस बाई. मी घाबरून उठेन आणि जागा विचारायची राहून जाईल.

पण एक शब्द देते तुला. उद्यापासून मी त्या रांगेतल्या एकेका घरात जाणार. प्रत्येक म्हातारीला हाताला धरून विचारणार, खरं सांग, तुमी बुजवलं का नुसतं झाकलं? हाकलून दिलं तर परत जाईन. आवाज कापला तर कापू दे, विचारायचं सोडणार नाही. आणि आपलं पेव सापडलं की पहिली पाटी माती मीच टाकणार, आणि काठोकाठ भरेस्तोवर तिथून हलणार नाही. आई तिकडं चिडेल, लक्ष्मीच्या जागेत माती घातली म्हणेल. तिची समजूत तू काढ.

तुझी धाकटी,
शकू