दर दहावं घर

११ फेब्रुवारी १९४६

परवानगी मिळाली! तशी मिळाली नाही — सोडलं, एवढंच. सासरे दुकानातून येऊन हातपाय धूत होते, तेव्हा विषय काढला. आधी मीच बोलतो असं यांनी कबूल केलं होतं, पण ऐनवेळी वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. सासरे म्हणाले, "जाय. पण लोकं काय म्हणून राहिले ते घरी येऊन सांगाचं." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

गोपाळराव सरांच्या हाताखाली इतिहासात एम.ए. झाले आणि दोन वर्षं पोळ्या लाटतेय. आता सरांनीच बोलावलं. त्यांचं म्हणणं — इंग्रज जाणार, राज्य बदलणार, आणि उद्या इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती पुढाऱ्यांची भाषणं तेवढी उरणार. शिरगणतीत माणसं मोजलेली आहेत, पण ती काय विचार करत होती ते कोणी विचारलंय? म्हणून गांधीबागेच्या आसपास दर दहावं घर घ्यायचं. प्रत्येक मतदाराला एकेकटं गाठायचं — मत कोणाला, आणि ते ठरवलं कोणी? निवडणुकीआधी एकदा, नंतर एकदा. कार्डावर नाव नाही, फक्त क्रमांक. बायकांकडे मी आणि कुसुमताई.

१४ फेब्रुवारी

"मालकाले इचारा." "मालकाले इचारा." दिवसभर हेच! एक बाई तर दाराआडूनच म्हणाली, "मत काय आमचं असते काय, बाई?" राग आला. पण लिहून घेतलं. सर म्हणतात, हेही उत्तरच आहे.

१८ फेब्रुवारी

आज वच्छलाबाई भेटल्या! चंपतरावांची बायको. चंपतराव आमच्याच दुकानात मुनीम. बाई खिडकीशी शिवणयंत्र चालवत बसल्या होत्या, माझ्याकडे बघेचनात. मारोतरावांची सून म्हटल्यावर कोण बघेल? सासरे निवडणुकीला उभ्या राहिलेल्या शेठजींच्या प्रचारासाठी रात्रंदिवस धावताहेत, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी शपथ घेतली, तुमचं नाव कुठेही जाणार नाही. तेव्हा कुठे यंत्र थांबलं.

"मालक म्हणतीन त्याले नाही देत मी. मत द्याले आतमधी तं एकटीच जातो ना आपण?"

इतकं बरं वाटलं! येताना उगीचच सगळा बाजार हिंडून आले.

२० फेब्रुवारी

काय केलं मी हे!

रोज वाढताना सासरे विचारायचे, मी आकडे सांगायची. इतकी घरं या बाजूला, इतकी त्या. आज म्हणाले, "येवढी शिकली, अन् नुसते आकडेच आणते!" हेही हसले. मला झोंबलं. आणि ताटात भाजी वाढता वाढता मी बोलून गेले — मशीन चालवता चालवता एक बाई काय म्हणाली ऐका! नाव नाही घेतलं. नक्कल मात्र हुबेहूब केली. सगळे हसले. सासूबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

सासऱ्यांनी ताक मागून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या गल्लीत मशीन तं एकाच घरी हाय."

क्रमांकाने माणूस झाकतो म्हणे! जिथे एकमेकांच्या घरची चूल कधी पेटली तेही ठाऊक, तिथे?

२३ फेब्रुवारी

चंपतराव दुकानातून किल्ल्या द्यायला आले. माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवून गेले.

२ मार्च

आजपासून जाणार नाही, असं मी म्हणाले. सासरे समजुतीच्या सुरात — "आता काहून थांबून राहिली? नाव नको सांगू वं. तसंच सांगत जाय, गोष्टीवाणी."

सरांकडे गेले, तर ते म्हणाले, अर्ध्यावर सोडलंत तर सगळी पाहणी वाया जाईल. यांना सांगितलं, तर "बाबांना कशाला दुखवतेस?" आणि कूस वळवून झोपले. मला दुखतं ते कुणी विचारत नाही!

बाहेर जायला बंदी होती तेव्हा कोंडल्यासारखं व्हायचं. आता जावंच लागतं, तरी जीव तसाच कोंडतो. घरी येऊन मी गप्प राहते. गप्प राहिले की सासरे म्हणतात, म्हणजे आज नक्की काहीतरी आहे.

९ मार्च

मतदान. मी देऊन आले. वच्छलाबाईंच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "परवाच नेऊन टाकलं तिले माहेरी, कळमेश्वरले. मशीन बी इकलं म्हणते."



१३ मार्च

धीर करून सरांना सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. देतील तर बरं, असंही वाटलं. त्यांनी गठ्ठ्यातून वच्छलाबाईंचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "बाहेर कळलं तर आपल्याला एक दार उघडणार नाही. कुठे बोलू नका. त्यांचं पहिलं उत्तर राहू द्या, मोलाचं आहे. दुसऱ्या भेटीपुढे 'गैरहजर' लिहा."

लिहिलं. माझ्याच हाताने! ती बाई गैरहजर नव्हती, तिला उचलून नेलं होतं. उद्याचा इतिहासकार हा शब्द वाचून पुढच्या कार्डाकडे वळेल. त्याला मी काय सांगणार? सरांचा संताप आला, आणि त्यांच्यावर संतापायला तोंड कुठे आहे मला?

१६ मार्च

न सांगताही कळायचं ते कळलंच. तीन घरांनी दारं लावून घेतली. एका बाईने खिडकीतून मला पाहिलं आणि पडदा ओढला. सरांनी बंद घरांच्या बदली नवी घरं काढली. त्यात आमचंच घर आलं!

आपल्या घरी आपण विचारायचं नाही असा नियम, म्हणून कुसुमताई येणार. सासरे आणि हे संध्याकाळी उत्तरं देतील. दुपारी सासूबाई. कुसुमताईंना म्हटलं, त्यांच्याकडे वेळ घालवू नका. सासऱ्यांना विचारल्याशिवाय त्या शेजारीसुद्धा पाऊल टाकत नाहीत. मी घरात डांबलेली, पण त्यांना तर डांबल्याचंही कळत नाही.

१९ मार्च

कुसुमताई आल्या. सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात पाट दिला. समजावून सांगायला मीही पाट ओढला, तर म्हणाल्या, "तू बाहेर बस वं शामला. तुह्यासमोर नाही सांगत मी. तू वाढता वाढता सांगून टाकशीन."

आतून कडी लावली. बराच वेळ बोलत होत्या.