पिवळा ठिपका

५ मे, सोमवार
परभणीत येऊन पडले एकदाची! लातूरहून निघताना आईने मला सासरी पाठवल्यासारखं रडून घेतलं. मला मात्र एसटीत बसल्या बसल्या हसू फुटत होतं. राजेश्री नावाची पोरगी एमआयडीसीतल्या कारखान्यात पोलादाच्या भट्ट्या सांभाळणार, यावर मालक माणिकरावांचा अजून विश्वास बसलेला नाही. बसेल. खोली कमलबाईंकडे घेतली आहे. ऊन पापण्या भाजून काढतं, पण त्यांच्या माठातलं पाणी असं गार की दात शिवशिवतात. रात्री भाकरी-ठेचा वाढता वाढता त्यांनी माझ्या लग्नाची चौकशीही उरकून घेतली.

७ मे
आमच्याकडे रोटाव्हेटरची पाती तयार होतात. ट्रॅक्टरमागे गरगर फिरून ढेकळं फोडतात ती वाकडी पाती. काम दोन भट्ट्यांचं. पहिलीत पातं लालबुंद करायचं आणि तेलात बुडवायचं. ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून लगेच दुसऱ्या, विजेवरच्या मंद भट्टीत मुरू द्यायचं, म्हणजे त्याच्यात लवचीकपणा येतो. दुसरी भट्टी चुकलेलं पातं दगडाला लागलं की फुटतं. कधी तर ठेवल्या जागीच टिण्ण करून तडकतं.

इथे कच्ची-पक्की पाती एकाच ढिगात पडलेली असायची. मी नियम केला: दुसऱ्या भट्टीतून निघालेल्या पात्यालाच पिवळा ठिपका, आणि रंगाचा डबा माझ्या ताब्यात. भट्टीवाले सूर्यभानदादा बोलके आणि चेष्टेखोर आहेत. लेकराला तीट लावल्यावानी म्याडम पात्याला लावायल्यात, म्हणाले. पण माणिकरावांना पद्धत पसंत पडली. दिवसभर मी ताठ मानेने फिरले.

१२ मे, सोमवार
आज बुद्धजयंती. सूर्यभानदादांना मिरवणुकीला जायचं होतं, माणिकरावांनी सुट्टी दिली नव्हती. पहिली भट्टी उरकल्यावर मीच त्यांना म्हटलं, जा तुम्ही, दुसरी मी बघते, मालकांना काही कळायचं नाही.

ते गेले आणि वीज गेली. पालमच्या दुकानदाराचा टेम्पो दारात उभा, पेरणीआधीची घाई, माणिकरावांचे फोनवर फोन. तेलातून काढलेली पाती समोर गार होत होती. वीज नाही, आज माल मिळणार नाही, एवढंच सांगायचं होतं. पण आठवड्यात कमावलेलं नाव घालवणं जिवावर आलं. मी डबा उघडला आणि ठिपके लावले.

टेम्पो गेला तशी कानशिलं तापली. खोलीवर येऊन माठातलं पाणी तोंडावर मारलं. बरं वाटलं.

१६ मे, शुक्रवार
पालमकडे एका शेतात पातं फुटलं. तुकडा रोटाव्हेटरमागून चालणाऱ्या बालाजी नावाच्या माणसाच्या मांडीत घुसला. त्याचा पाय काढावा लागला.

माणिकरावांनी तो तुकडा टेबलावर ठेवला. पिवळा ठिपका जसाच्या तसा. त्यांच्या मते ठिपका आहे म्हणजे म्याडमचं काम चोख, पहिल्या भट्टीवर सूर्यभाननेच माती खाल्ली. त्यांना कामावरून काढलं. त्या दिवशी आपण लवकर गेलो होतो हे दादा बोलले नाहीत, मला बोल लागेल म्हणून. जाताना मलाच म्हणाले, तुमी ठिपका लावला म्हंजे बरूबरच आसंल, माझ्याच हातून कायतरी ऱ्हायलं.

 तोंड दाखवायची लाज वाटते आहे. चेहरा भाजत होता, पुन्हा पाणी मारलं.

त्या खेपेतली बाकीची पाती अजून शेतांत फिरत आहेत. दुकानदाराला एक फोन करायचा आहे, एवढंच.

१८ मे
फोन केला नाही.

सकाळी वेणी घालताना टिण्ण वाजलं. वाटलं, भांडं पडलं. कमलबाईंना काही ऐकू आलं नाही. मग पाहिलं तर अंगठ्याच्या नखाचा तुकडा उडालेला, काचेच्या कपचीसारखा. रक्त नाही.

१९ मे
सूर्यभानदादांची बायको सविता कारखान्यात आली होती. तुमी शिकलेल्या हाव, तुमचं मालक ऐकतेत, म्हणाली. मी बघते म्हटलं. बघते! तिने माझा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. लय गार हाय, म्हणाली. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं.

पुन्हा कानशिलं. पुन्हा माठ.

२१ मे
गुडघा लोखंडी खाटेवर आपटला. घंटेसारखा वाजला, किती तरी वेळ. पातं तपासताना आम्ही पान्याने ठोकतो: खणखणीत वाजलं तर अखंड, बद्द वाजलं तर आतून तडकलेलं. मी गुडघ्यावर चमचा मारून पाहिला. खणखणीत.

दुखत नाही. त्याचीच भीती वाटते.

२३ मे
आज बद्द वाजला.

२४ मे
मानवतकडे त्याच खेपेतलं दुसरं पातं फुटलं. या वेळी कुसुमबाई. शेतात भाकरी घेऊन गेलेली बाई. जागीच—
मी मारलं तिला. एक फोन.
आता पाणी मारणार नाही. तापू दे. सगळं सांगून टाकलं तर कदाचित— मंद आचेवर मुरल्यासारखं—
मोबाईलला माझं बोट कळत नाही. घासून पाहिलं, काचेवर ओरखडे उमटले.
कमलबाईंना हाक मारायला तोंड उघडलं. टिण्ण.
जबडा मिटत नाही. आवाज येत नाही.

२५ मे
डाव्या हाताने लिहिते. उजव्याची बोटं ताटलीत ठेवली आहेत. तीन.
कमलबाई चहा घेऊन येतील, वाचतील. म्हणून नीट—
पिवळ्या ठिपक्याची सगळी पाती थांबवा. आजच. सूर्यभानदादांचा दोष नाही, ते तेव्हा नव्हतेच. ठिपका खोटा आहे.
कुणी लावला ते लिहायचं राहिलं. अजून लाज— या घटकेलाही—
मनगटात वाजलं. लिहिते, लिहिते. ठिपका लावला तो रा—